मेंढीकोट नुसता बघून नियम काढायचे: नोंद कशी ठेवायची, किती डाव लागतील?

विज्ञानमंडळ_शिवाजीपेठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका शाळेच्या विज्ञान मंडळासाठी नववीच्या २४ मुलांचा एक उपक्रम बसवायचा आहे. चार जाणते खेळाडू मध्ये बसून एक शब्दही न बोलता मेंढीकोट हा पत्त्यांचा खेळ खेळतील. मुलं भोवतीनं बसून फक्त बघतील, लिहून घेतील आणि शेवटी खेळाचे नियम लिहून देतील. मुलांनी प्रश्न विचारायचा नाही, खेळाडूंनी खूण करायची नाही. निरीक्षणावरून नियमापर्यंत कसं पोचतात, हे त्यांना स्वतः करून कळावं एवढा हेतू. सलग दोन तास जोडून मिळतील, म्हणजे ८० मिनिटं, असे दोन शनिवार.

अडचण अशी की नुसतं "नीट बघा आणि लिहा" म्हटलं तर मुलं काहीही लिहितील. नेमकी कशाची नोंद घ्यायला सांगायची? किती डाव दाखवले म्हणजे पुरेत? नियम कोणता आणि खेळाडूंची नुसती सवय कोणती, हे त्यांनी कसं ओळखायचं? आणि कोणत्या गटाचं उत्तर जास्त बरोबर, हे कसं ठरवायचं? मेंढीकोटऐवजी बुद्धिबळ घेतलं तर सोपं जाईल का?

चौथा_भिडू

सर, आधी हुकमाचं (बाकी तिन्ही रंगांना मारणाऱ्या रंगाचं) ठरवा, कारण "न बोलता" ही अट टिकणार की नाही ते त्यावर अवलंबून आहे. बंद हुकूम घेऊ नका. त्यात एक पान उपडं ठेवलेलं असतं आणि ज्याला उतारीचा (चौघांनी एकेक पान टाकायच्या फेरीतल्या पहिल्या पानाचा) रंग देता येत नाही तो हुकूम उघडायला सांगतो. म्हणजे बोलणं आलंच. कट हुकूम घ्या. हुकूम न ठरवता खेळ सुरू करायचा, आणि डावात पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल त्यानं टाकलेलं पान ज्या रंगाचं, तो त्या डावाचा हुकूम. सगळं टेबलावर उघड घडतं. (रंग म्हणजे इथं इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. मुलांनाही हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर ती लाल-काळा धरून बसतील.)

मेंढीकोटाच्या पद्धती घरागणिक बदलतात. चौघांनी आधी एकच पद्धत कागदावर लिहून घ्यावी, नाहीतर मुलं दोन खेळांची मिसळ बघतील. सर्रास चालते ती अशी: जोकर काढून ५२ पत्ते, समोरासमोरचे भिडू, वाटप आधी पाच-पाच आणि मग चार-चार दोनदा, वाटप आणि खेळ दोन्ही उजवीकडे, एक्का सगळ्यांत मोठा. तीन किंवा चार दश्श्या (दहाची पानं, यांनाच मेंढी म्हणतात) ज्या जोडीकडे, तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात किंवा जास्त हात (चार पानांची एकेक फेरी) करणारी जोडी जिंकते. हात १३, म्हणजे विषम, त्यामुळे तिथं बरोबरी होऊच शकत नाही. चारही दश्श्या आल्या तर मेंढीकोट, तेराही हात केले तर बावन्न पानी.

आता नोंद. प्रत्येक डावाला एक कागद, त्यावर १३ ओळी, प्रत्येक हाताला एक. खेळाडूंना नावं देऊ नका, दिशा द्या. रकाने उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व या क्रमानं आखा. खेळ उजवीकडे फिरतो, त्यामुळे याच क्रमानं ओळ डावीकडून उजवीकडे भरत जाते आणि घाई होत नाही. अर्थात हा क्रम दिला की "खेळ उजवीकडे फिरतो" हा नियम तुम्ही फुकट सांगितलात. पण तो पहिल्या मिनिटात कळणाराच आहे, त्याचं दुःख नको. शेवटी तीन रकाने: उतारी कोणाची, पत्ते कोणी उचलले, शेरा. "उचलले" आणि "पुढची उतारी" वेगवेगळे लिहायलाच लावा. दोन्ही एकच माणूस करतो हा निष्कर्ष आहे, तो मुलांनी काढायचा आहे.

पानांची लघुरूपं ठरवताना एक घोळ हमखास होतो. राजा आणि राणी दोन्ही "रा" होतात. राजाला "रा", राणीला "णी", गुलामाला "गु", एक्क्याला "ए" लिहा. बदाम राणी म्हणजे "बणी". बाकी पानांना आकडेच, म्हणजे चौकट चौकी "चौ४". गटात दोघं पानं लिहितील, एक जण उचलणं आणि उतारी बघेल, आणि एक जण ४ × १३ च्या चौकटीत पडलेलं पान खोडत जाईल. चौघांचा गट त्यासाठीच. डाव संपल्यावर एखादं घर दोनदा खोडलेलं किंवा मोकळं राहिलं असेल तर नोंद चुकली आहे, आणि ती चूक तिथल्या तिथं सापडते. खेळाडूंनी हात पूर्ण झाल्यावर पाच सेकंद थांबून मगच पत्ते उचलायचे. या गतीनं वाटपासकट एका डावाला सात-आठ मिनिटं धरा. ८० मिनिटांत नऊ-दहा डाव होतील, त्याहून जास्त नाही.

हे सगळं एका गोष्टीसाठी आहे. मेंढीकोटात सगळे ५२ पत्ते पडतात. डाव संपला की एका खेळाडूचा उभा रकाना म्हणजे त्याला वाटून आलेले तेरा पत्ते. आठव्या हाताच्या वेळी त्याच्याकडे काय होतं? आठव्या ओळीपासून खाली जे आहे ते सगळं. म्हणजे खेळताना झाकलेला हात डाव संपल्यावर पूर्ण उघडा होतो. प्रत्येक खेळीला तो काय खेळला हे तर कळतंच, काय खेळू शकत होता आणि खेळला नाही हेही कळतं. नियम सापडतो तो न खेळलेल्या पानांत. मुलांना खेळ चालू असताना विचार करूच देऊ नका, फक्त लिहायला सांगा. विचार डाव संपल्यावर, पेन्सिल घेऊन.

एक ओळ उदाहरणाला घेतो. हुकूम किलवर आधीच ठरलाय. उत्तरची उतारी:

उ: बरा – प: ब१० – द: ब४ – पू: ब६. पत्ते उत्तरनं उचलले.

आता खालच्या ओळी बघा. समजा पश्चिमेच्या रकान्यात यापुढे एकही बदाम नाही, बाकी रंगांची पानं आहेत. म्हणजे समोर राजा पडलेला दिसत असताना त्यानं दश्शी दिली, कारण तिच्याशिवाय बदाम नव्हता. आणि पूर्वेच्या रकान्यात पुढे किलवरची दोन पानं आहेत. ती पश्चिमेची भिडू, शेवटची खेळणारी, टेबलावर दश्शी पडलेली. हुकूम मारला असता तर दश्शी स्वतःच्या जोडीला आली असती. तरी तिनं छक्की दिली. दोघांनी डोळ्यांदेखत नुकसान सोसलं, त्याला सक्तीखेरीज दुसरं कारण बसत नाही. "उतारीचा रंग हातात असेल तर तोच द्यायचा" याला अशी एक ओळ पन्नास साध्या ओळींना भारी पडते. मुलांना शेऱ्याच्या रकान्यात अशा ओळींवर लाल खूण करायला सांगा.

रंग कधी मोडला जातो तेही बघू द्या. वाटल्यानंतर एखाद्याकडे ठराविक रंग अजिबात नसण्याची शक्यता साधारण १.३ टक्के, म्हणून पहिले दोन-तीन हात बहुतेक वेळा सरळ जातात आणि मुलांना वाटतं की चौघे नेहमी एकाच रंगाचं खेळतात. पण एका रंगाची पानं १३. चौघांनी तो रंग दिला असे हात एका रंगाचे जास्तीत जास्त तीन, चार रंगांचे मिळून बारा. तेरावा हात मोडणारच. प्रत्येक डावात रंग मोडलेला किमान एक हात असतोच, आणि प्रत्यक्षात बरेच असतात.

हुकमासाठी रंग मोडलेल्या ओळी वेगळ्या काढायच्या आणि कोणी उचललं ते बघायचं. पहिल्या डावानंतर निम्मी मुलं लिहितील, "किलवर सगळ्यांत भारी." दुसऱ्या डावात चौकट भारी निघाली की ते पडेल. मग कोणी लिहील, "पहिल्यांदा रंग मोडणाऱ्याकडे जो रंग जास्त असतो तो भारी." हे जवळजवळ बरोबर दिसतं, कारण शहाणा खेळाडू आपल्याकडे लांब असलेल्या रंगानंच कट मारतो. हे पडायला त्यानं आखूड रंगानं कट मारलेला एक तरी डाव दिसायला हवा. खेळाडूंना आधीच सांगून ठेवा: दहात दोन डावांत मुद्दाम तसं करायचं.

पुढचं वाटप कोणाकडे जातं, हा नियम मात्र एका डावात एकदाच दिसतो. साधारण रीत अशी की वाटणाऱ्याची जोडी हरली तर तोच पुन्हा वाटतो, जिंकली तर वाटप उजवीकडे सरकतं. दहा डाव म्हणजे नऊच निरीक्षणं. पहिल्या शनिवारी तो सापडेल अशी अपेक्षा धरू नका.

विज्ञानमंडळ_शिवाजीपेठ

फार मोलाचं. एक गोष्ट लिहायची राहिली: बहुतेक मुलांना मेंढीकोट घरीच येतो. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांनी खेळलेला असतो. मग ती बघून नियम काढणार नाहीत, आठवून लिहितील. नवा खेळ शोधावा का?

शक्यतेचं_गणित

नवा खेळ शोधू नका, मेंढीकोटच बदला. ओळखीचा दिसणारा खेळ आतून वेगळा असेल तर मुलांना जास्त शिकायला मिळेल, कारण पाहिलेलं आणि गृहीत धरलेलं यातला फरक तिथंच उघडा पडतो. तीन बदल पुरेत:

पहिला, मेंढी दश्शीऐवजी सत्ती. दुसरा, हात जिंकणाऱ्यानं उतारी करायची नाही, त्याच्या भिडूनं करायची. (वर "उचलले" आणि "उतारी" वेगळे लिहायला सांगितलंय ते इथं उपयोगी पडेल.) तिसरा, मागचा हात ज्या रंगानं सुरू झाला त्या रंगानं पुढची उतारी करायची नाही, हातात दुसरा रंगच नसेल तर चालेल.

जिंकलेल्या सत्त्या बाजूला उघड्या ठेवू नका, सगळे हात उपडे एकाच ढिगात. डाव संपल्यावर जिंकलेल्या जोडीपुढे एक चिंचोका, कोट झाला तर दोन. एवढीच खूण मुलांना मिळेल.

तिसरा बदल मुद्दाम सुचवला, कारण तो मनाईचा नियम आहे. मनाई कधीच घडताना दिसत नाही, ती फक्त न घडण्यातून कळते. एका डावात पहिली सोडून बारा उताऱ्या. मनाई नसती आणि दर वेळी मागचाच रंग यायची शक्यता ढोबळमानानं पाव धरली, तर बाराही वेळा तो न येण्याची शक्यता ०.७५ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ३ टक्के. दोन डावांनंतर हजारात एक. दुसऱ्या डावाअखेर एखाद्या गटाला हे खटकायला हवं. शेवटच्या दोन-तीन हातांत मात्र नियम मोडलेला दिसेल, कारण हातात एकच रंग उरलेला असतो. तिथं काही गट आपलं अनुमान फाडून टाकतील आणि काही गट खालच्या ओळी बघून "दुसरा रंग नव्हता" हे शोधतील. हा क्षण हुकवू नका, त्या वेळी गटाजवळ उभं राहा.

धोका खेळाडूंचा आहे. जाणता माणूस सवयीनं जुन्याच नियमानं पान टाकतो, आणि असं एक चुकीचं पान "कधीच नाही" या प्रकारचं अनुमान उद्ध्वस्त करतं. बदललेल्या नियमांनी किमान दहा डाव सराव करून घ्या. शिवाय पाचवा माणूस नियमांचा कागद घेऊन पंच म्हणून बसवा. चूक झाली की त्यानं लाल कार्ड दाखवून डाव रद्द करायचा आणि तो कागद सगळ्यांनी फाडायचा.

आता नियम आणि सवय. चौथा_भिडू म्हणतात ते बरोबर आहे, पण नुकसान सोसलेल्या ओळी दर डावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळतात. यावर उपाय असा की पहिल्या शनिवारचे निम्मे डाव चिठ्ठीनं खेळवा. खेळाडूनं नियमात बसणारी पानं हातात पुढे काढायची, तितके आकडे चिठ्ठ्यांवर टाकून एक उचलायची, जे पान येईल ते टाकायचं. हे सगळं पत्ते धरायच्या पाटीआड करायचं, म्हणजे किती पानं पुढे काढली ते मुलांना दिसणार नाही. असा खेळाडू डावपेच करतच नाही. त्याच्या खेळात जी शिस्त उरते ती फक्त नियमाची.

अशा डावात आकडेमोड सरळ होते. समजा एका खेळाडूला पाच वेळा दुसऱ्याच्या उतारीवर खेळायचं होतं आणि पाचही वेळा त्यानं उतारीचाच रंग दिला. त्या त्या वेळी हातात १३ पैकी ४, १२ पैकी ३, १० पैकी ३, ९ पैकी २, ६ पैकी १ पानं त्या रंगाची होती. नियम नसता तर हे योगायोगानं घडण्याची शक्यता या पाच अपूर्णांकांचा गुणाकार: ११७० मध्ये एक. नववीच्या मुलांना हा गुणाकार जमतो. खेळाडू डोकं लावून खेळत असेल तर हाच गुणाकार फसवा ठरतो, कारण तेव्हा पानं सारख्या शक्यतेनं पडत नाहीत.

पण चौघेही कायम चिठ्ठीनं खेळले तर खेळ कशासाठी चाललाय हे कधीच कळणार नाही. सत्ती कोणी वाचवणार नाही, कोणी पळवणार नाही. म्हणून आधी चिठ्ठीचे डाव आणि मग खरे. काय चालतं ते पहिल्या प्रकारात कळतं, काय हवंय ते दुसऱ्या.

संगणकाच्या बाबतीत याचा चांगला पुरावा आहे. २०२२ मध्ये संशोधकांनी एका भाषा-प्रतिमानाला (मजकुरातला पुढचा शब्द ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीला) ऑथेलो या पटावरच्या खेळाच्या नुसत्या खेळ्यांच्या याद्या दिल्या, नियम सांगितले नाहीत, आणि पुढची खेळी ओळखायला लावली. यादृच्छिक (चिठ्ठी काढल्यासारख्या) खेळलेल्या २ कोटी डावांवर शिकलेलं प्रतिमान नियमबाह्य खेळी सुचवायचं ते फक्त ०.०१ टक्के वेळा. स्पर्धांमधल्या खऱ्या डावांवर शिकलेलं, ५ टक्क्यांच्या आसपास. स्पर्धेचे डाव संख्येनंही फार कमी होते, त्यामुळे सगळं श्रेय यादृच्छिकतेला देता येत नाही. तरी कारण उघड आहे: कसलेला खेळाडू कितीतरी वैध खेळ्या कधी खेळतच नाही, मग त्या वैध आहेत हे बघणाऱ्याला कळणार कसं?

"नियम न सांगता बुद्धिबळ शिकला" असं म्यूझीरो या संगणक-प्रणालीबद्दल लिहिलं जातं, तेही जपून घ्यावं. त्याला आतल्या विचारात नियम दिलेले नव्हते, पण समोरच्या प्रत्यक्ष स्थितीत कोणत्या खेळ्या वैध आहेत हे सांगितलं जात होतं, आणि डावाचा निकालही. तुमच्या मुलांना त्यातलं पहिलं मिळणार नाही. त्यांचं काम त्या बाबतीत जास्त अवघड आहे.

किती डाव पुरेत, याचं उत्तर एका संख्येत देता येत नाही. ते नियम किती विरळा लागू होतो यावर आहे. ढोबळ हिशेब असा: एखादी गोष्ट n डावांत एकदाही दिसली नाही, तर ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की ती एकूण डावांच्या ३/n हिश्श्याहून जास्त डावांत घडत नसावी. तीस डावांत दिसली नाही तरी ती दर दहा डावांत एकदा घडणारी असू शकते, कारण ०.९ चा तिसावा घात सुमारे ४ टक्के येतो. वीस डाव बघून "असा नियमच नाही" असं कोणी लिहिलं तर ते उत्तर चूक धरा. "वीस डावांत दिसलं नाही" असं लिहिलं तर बरोबर धरा.

बुद्धिबळ नको, ते याच कारणासाठी. एन पासाँ (दोन घरं पुढे आलेलं शेजारचं प्यादं प्याद्यानं वाटेतच मारणं) कितीतरी डावांत येत नाही, प्याद्याचा वजीर होण्याआधीच बरेच डाव संपतात, आणि जाणता खेळाडू मात होण्याआधीच हार मानतो. राजा मारला गेलेला तर कोणी कधीच पाहत नाही. ज्यावर सगळा खेळ उभा आहे ती गोष्टच पटावर दिसत नाही.

लाल_माती

पत्त्यांचं छान चाललंय, पण कोल्हापुरात बसून नियम ओळखायचे म्हटल्यावर कुस्ती सोडून कसं चालेल? पोरांना एकदा मॅटवरची कुस्ती दाखवा की. तिथं प्रत्येक कृतीला पंच लगेच बोटं वर करून गुण देतो. त्याच्या डाव्या मनगटावर लाल पट्टी, उजव्या मनगटावर निळी. ज्या रंगाच्या पैलवानाला गुण तो हात वर. म्हणजे कृती आणि तिचं मोल यांची जोडी दर वेळी आयती मिळते. पत्त्यांत तसं काही नाही.

लिहायचं ते: वेळ, कोणता डाव, कोणाचा, किती बोटं, आणि आधीचा गुणफलक. शेवटचं विसरू नका. कुस्ती १० गुणांच्या फरकावर मध्येच थांबते, ते फक्त नवा गुण लिहिणाऱ्याला कधीच सापडत नाही, दोन्हीकडच्या गुणांची वजाबाकी मांडणाऱ्याला सापडतं. हा फरक फ्रीस्टाइलला १०, कमरेच्या वरच पकडायच्या ग्रीको-रोमनला ८. ताबा घेऊन खाली आणलं की २, बाहेर पाय पडला की समोरच्याला १, वरून फेकलं तर ४ किंवा ५. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. हे पाच-सहा कुस्त्यांत पोरं काढतील.

अवघड कुठं आहे? एक, काहीच न करता गुण मिळतो तिथं. फ्रीस्टाइलला पंच सुस्त पैलवानाला ३० सेकंदांची मुदत देतो, त्यात कोणालाच गुण मिळाला नाही तर समोरच्याला १. कृतीच लिहिणाऱ्या पोराला हा गुण आभाळातून पडल्यासारखा वाटतो. दोन, ३-३ वर कुस्ती संपते आणि तरी एकाचा हात वर होतो. तिथं आधी मोठ्या गुणाचा डाव कोणाचा ते बघतात, ते सारखं असेल तर ताकिदी कोणाला कमी, तेही सारखं असेल तर शेवटचा गुण कोणाचा. एका बरोबरीवरून बहुतेक जण "शेवटचा गुण घेतो तो जिंकतो" असं लिहितात, कारण तेच डोळ्यांत राहिलेलं असतं. किमान तीन-चार बरोबरीच्या कुस्त्या हव्यात, आणि त्यातली एक तरी अशी की मोठा डाव एकाचा आणि शेवटचा गुण दुसऱ्याचा.

याच्या उलट खासबाग मैदानात मातीवरची निकाली कुस्ती बघितली तर नियम फार थोडे कळतील. चितपट झाली की संपली, गुण नाहीत, एका कुस्तीतून एकच निकाल. पण तिथं एक वेगळा धडा आहे. सलामी, हातात माती घेणं, एकमेकांच्या अंगाला माती लावणं, हे जवळजवळ प्रत्येक कुस्तीत दिसतं. पोरं ते पहिला नियम म्हणून लिहितील. त्यानं निकाल ठरत नाही. रीत आहे, आणि घामानं निसटणारी पकड टिकावी म्हणूनही आहे. नेहमी घडतं म्हणून ते नियम, असं नाही.

कबड्डीतही तेच. बोनस रेषा ओलांडली तरी कधी गुण मिळतो, कधी नाही. चढाई करणाऱ्याकडे बघत बसला तर आयुष्यात कळणार नाही. समोर बचावाला सहा किंवा सात जण असतील तरच बोनस. तीन किंवा कमी असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण, ती अव्वल पकड. म्हणून चढाई सुरू होण्याआधी मैदानातली माणसं मोजून लिहायची.

चौथा_भिडू

लाल_माती यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून पत्त्यांच्या कागदात एक भर: डाव सुरू होण्याआधीची स्थितीही लिहा. वाटलं कोणी, मागचा डाव कोणाचा, कोणापुढे किती चिंचोके. वाटपाचा नियम त्याशिवाय निघत नाही.

आणि रीत-नियमाचा फरक पत्त्यांतही करावा लागेल. पिसून शेजाऱ्याला कापायला देणं, हात जुळवून उपडा ठेवणं, शेवटचं पान जोरात आपटणं. खेळाडूंना सांगा, यातली एखादी गोष्ट तीन-चार डावांत मुद्दाम सोडून द्यायची. ती सोडल्यावर पुढचं सगळं तसंच चाललं तर मुलांना उत्तर मिळालं.

चिठ्ठीच्या डावांबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. चौघांनाही चिठ्ठ्या दिल्या तर एका डावाला पंधरा मिनिटं जातील, ८० मिनिटांत पाचच डाव. चिठ्ठी एकालाच द्या, दक्षिणेला, आणि मुलांना सांगू नका. बाकी तिघे नेहमीसारखे खेळतील. चार डावांनंतर मुलांना विचारा की चौघांत वेगळा कोण वाटतो. ज्या गटाला दक्षिण ओळखू येईल, त्याला नियम आणि डावपेच यांतला फरक समजायला लागला असं धरायला हरकत नाही.

शक्यतेचं_गणित

एकालाच चिठ्ठी, हे पटलं. फक्त दक्षिणेचा भिडू उत्तर दर डाव हरेल, आणि चिंचोक्यांवरून मुलं "पूर्व-पश्चिम बसणाऱ्यांना फायदा" असा नियम काढतील. दर दोन डावांनी चिठ्ठीवाला बदला.

विज्ञानमंडळ_शिवाजीपेठ

तिन्ही बदल आणि एकाला चिठ्ठी, असं ठरवतो. राहिलं ते गुण देण्याचं. नियमांचं लेखन तपासलं तर भाषा चांगली असणारा गट पुढे जाईल असं वाटतं.

शक्यतेचं_गणित

लेखन तपासू नका, अंदाज तपासा. खऱ्या डावांच्या नोंदींतून दहा स्थिती निवडा. प्रत्येकात एका खेळाडूचा पूर्ण हात उघडा, टेबलावर पडलेली पानं, हुकूम ठरला असेल तर तो, आणि मागच्या हाताची उतारी. गटानं चालणाऱ्या प्रत्येक पानाला गोल करायचा. चालणाऱ्या पानाला गोल केला तर एक गुण, न चालणाऱ्याला केला तर एक वजा, चालणारं पान सोडलं तर तेही एक वजा. दोन्हीकडून वजा हवंच. नाहीतर एक गट सगळ्याच पानांना गोल करेल आणि दुसरा एकालाच.

दहात निदान तीन स्थिती उतारीच्या घ्या, आणि त्यातली एक अशी की हातात फक्त मागच्या उतारीचाच रंग उरलाय. दोन स्थिती अशा की उतारीचा रंग नाही आणि हुकूम आहे: तिथं हुकूम मारायची सक्ती नाही, कोणतंही पान चालतं, पण जाणते खेळाडू बहुतेक वेळा हुकूम मारतात म्हणून मुलं फक्त हुकमांनाच गोल करतील. चिठ्ठीवाल्या खेळाडूच्या ओळी नीट बघितलेला गटच इथं सगळ्या पानांना गोल करेल.

शिवाय पाच पूर्ण डावांच्या नोंदी निकाल झाकून द्या आणि कोणती जोडी जिंकली ते विचारा. त्यात सत्त्या दोन-दोन आणि हात सात-सहा झालेला एक डाव ठेवा. दोन शनिवारांच्या डावांत असा एकही नैसर्गिकपणे आला नसेल, तर तो प्रश्न काढून टाका.

चौथा_भिडू

पत्ते घेताना मोठ्या आकड्यांचे, कोपऱ्यात ठळक छपाईचे घ्या. मागं बसलेल्या मुलांना सहाचं आणि नवाचं पान लांबून सारखं दिसतं, आणि इथं सत्तीवर सगळा डाव असल्यामुळे ७ चा आकडा तर लांबून स्पष्ट दिसायलाच हवा. टेबलापासून दोन मीटरच्या आत सगळे बसतील असं बघा. चार-चारचे सहा गट जागेत बसत नसतील तर दोन टेबलं करून एकाच नियमांचे दोन वेगळे डाव चालवा. म्हणजे पहिल्या शनिवारनंतर दोन्हीकडचे कागद अदलाबदल करून, आपलं अनुमान न पाहिलेल्या डावांवर टिकतं का ते प्रत्येक गटाला घरीच तपासता येईल.